सरळ समोरून

छायाचित्र तळहातावर मावेल एवढंच आहे. साडेदहा सेंटिमीटर उंच, सात सेंटिमीटर रुंद. वय बत्तीस-तेहतीस असावं अशा एका माणसाचं. चेहरा लांबट, हनुवटीवर बोकडदाढी, ओठ मिटलेले. मागे काहीही नाही. ना रंगवलेला पडदा, ना लाकडी खांब, ना फुलांची कुंडी. माणूस सरळ समोर बघतो आहे. राग म्हणावा तर राग नाही, भीती म्हणावी तर तीही नाही. बराच वेळ रांगेत उभा राहून शेवटी खिडकीपाशी पोचलेला माणूस आतल्या कारकुनाकडे बघतो, तसं काहीसं ते बघणं आहे.

गंमत अशी की कारकून तो स्वतःच होता. फेलिक्स फेनेओं हे त्याचं नाव. १८८१ पासून पॅरिसमध्ये युद्धमंत्रालयात नोकरी, अक्षर सुरेख, कामात चोख. कचेरी सुटली की हाच माणूस चित्रप्रदर्शनं पालथी घालायचा. जॉर्ज सरा आणि पॉल सिन्याक यांच्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांची लोक टिंगल करत होते, तेव्हा त्या चित्रांकडे कसं बघायचं हे त्यानं समजावून सांगितलं आणि १८८६ साली त्या चित्रपद्धतीला नावही दिलं. मराठीत आपण तिला नव-दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शिवाय हा गृहस्थ अराज्यवादी. एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसच्या फोयो नावाच्या उपाहारगृहात बाँब फुटला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फेनेओंला अटक झाली. मंत्रालयातल्या त्याच्या कचेरीत डेटोनेटर सापडले होते.

हे छायाचित्र त्या अटकेनंतरचं. आज ते न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, म्हणजे कलावस्तू म्हणून मान्यता पावलेलं आहे. पण ते कुठल्या कलावंतानं काढलेलं नाही. पोलिसांच्या खुर्चीवर, पोलिसांच्या कॅमेऱ्यानं, पोलिसांच्या काचेवर ते घेतलं गेलं. पोलिसांच्याच डार्करूममध्ये धुतलं गेलं आणि पोलिसांच्याच खळीनं पुठ्ठ्यावर चिकटलं. मला त्याचं रसग्रहण करायचं आहे. अडचण एवढीच, की ते काढणाऱ्या खात्यानं त्यात रस म्हणून काही उतरू नये यासाठी कसून मेहनत घेतली होती.

त्या खात्याचा प्रमुख आल्फाँस बेर्तियों. बाप नावाजलेला डॉक्टर आणि सांख्यिक, भाऊ लोकसंख्याशास्त्रज्ञ, आणि हा मात्र घरातला वाया गेलेला मुलगा. १८७९ साली वडिलांच्या वशिल्यानं पोलीस मुख्यालयात कारकून म्हणून चिकटला. काम काय, तर पकडलेल्या माणसांच्या वर्णनांच्या नकला करायच्या. उंची मध्यम, चेहरा साधारण, नाक साधारण. अशी शेकडो वर्णनं उतरवताना कुणाचंही डोकं फिरेल. बहुतेकांचं फिरून जागेवर येतं. याचं आलं नाही. शिवाय कचेरीत हजारो छायाचित्रं पडून होती, पण ती नावानं लावलेली. दुसऱ्यांदा पकडला गेलेला माणूस नाव बदलून सांगे आणि सगळा ढीग निरुपयोगी होई. नाव खोटं सांगता येतं, तर मग खोटं काय सांगता येणार नाही? हाडं, असं बेर्तियोंचं उत्तर होतं. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, डाव्या हाताचं मधलं बोट, डावा पाय, कोपरापासूनचा हात. १८८३च्या फेब्रुवारीत त्यानं केवळ मापांवरून पहिला जुना गुन्हेगार ओळखून दाखवला, आणि त्या वाया गेलेल्या मुलाचं भाग्य उजळलं.

मापांची ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. शेरलॉक होम्सच्या कथांतही बेर्तियोंचं नाव येतं. मला जास्त मोह पडतो तो त्याच्या फोटोखात्याचा. १८९० साली त्यानं न्यायकामासाठीच्या छायाचित्रणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य झगडा गुन्हेगारांशी नाहीच. तो आहे बाजारातल्या फोटोग्राफरांशी.

तो झगडा मला ताबडतोब कळला, कारण माझ्या मामांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं पडीक असे. आतल्या खोलीत उतरत्या मेजावर दुधी काच बसवलेली, खाली आरसा, आरशातून वर येणारा खिडकीचा उजेड, आणि काचेवर निगेटिव्ह. मामा सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर काहीतरी टिंबटिंब करत बसत. निगेटिव्हवर सुरकुती म्हणजे पारदर्शक रेघ. ती शिशानं बुजवली की प्रिंटवर गाल गुळगुळीत. गिऱ्हाईक फोटो काढून झाल्यावर दारात घुटमळे आणि हळूच सांगे, “मामा, देवीचे व्रण तेवढे काढा.” मामा मान डोलावत. स्थळ दाखवायच्या मुलींचे फोटो तर ते रात्री उशिरापर्यंत घेऊन बसत. एकदा एक मुलगी फोटो घ्यायला आली, स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ही छान आहे.” *ही* म्हणाली. मामा हसले, पण नंतर दिवसभर गप्प होते.

बेर्तियोंला नेमकं हे नको होतं. देवीचे व्रण हीच त्याची दौलत. तीळ, जखमेची खूण, वाकडं नाक, कानाची पाळी. ज्याच्यासाठी मामांकडे जादा पैसे मोजून पेन्सिल चालवून घ्यावी, ते सगळं त्याला स्वच्छ आणि बोचरं हवं होतं. (आपल्या नोकरीच्या सेवापुस्तकावर ‘ओळखीची खूण’ असा रकाना असतो आणि तो भरताना घरभर तीळ शोधला जातो. तो रकाना याच कुळातला.) बाजारातला फोटोग्राफर कितीही बजावलं तरी हात आवरत नसे. उजेड एका बाजूनं मऊ टाकायचा, मान जराशी कलती ठेवायची, हनुवटी उचलायची. हे त्याच्या बोटांतच मुरलेलं. बेर्तियोंनं रिटचिंगला सक्त मनाई केली. उजेड कसा, अंतर किती, खुर्ची कुठे, सगळं ठरवून टाकलं. चेहरा कागदावर मूळच्या एक-सप्तमांश आकारात उतरला पाहिजे. एक चित्र समोरून, एक उजव्या बाजूनं. खुर्चीची घडणच अशी, की माणसानं ठरल्या जागी ठरल्या तऱ्हेनंच बसावं. उजवी बाजू का, तर उजवा कान दिसावा म्हणून. दाढी वाढवता येते, केस उतरवता येतात, गाल भरतात किंवा बसतात. कानाचं शिल्प मात्र जन्मभर तेच राहतं, अशी त्याची खात्री होती.

म्हणजे पोलिसांनी स्वतःची डार्करूम थाटली त्याचं कारण पैसे वाचवणं हे नव्हतं, निदान बेर्तियोंपुरतं तरी नव्हतं. स्टुडिओतल्या फोटोचा मालक त्यात बसलेला माणूस असतो. तो पैसे देतो, तोच बघतो, त्यालाच आवडावा लागतो. पोलिसांचा फोटो बघणार असतो एक अनोळखी शिपाई, कदाचित पाच वर्षांनी, कुठल्या तरी दूरच्या ठाण्यात. त्याला तो आवडायची गरज नाही. त्याला त्यातून समोरचा माणूस सापडला पाहिजे. गिऱ्हाईक बदललं की फोटोग्राफरही बदलावा लागतो.

दुसरं कारण निगेटिव्हचं. १८७१ साली पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडला गेला, तेव्हा कैदेतल्या बंडखोरांचे फोटो काढणारे धंदेवाईक लोक होते आणि ते फोटो दुकानांत विकले जात. लोक ते विकत घेऊन अल्बमात लावत. वर्षअखेरीस सरकारला त्या विक्रीवर बंदी घालावी लागली. काच ज्याच्या कपाटात, चेहरा त्याच्या ताब्यात. सरकारी माणसांना हे उशिरा उमगलं, पण पक्कं उमगलं. आपल्याकडे मात्र उलटी तऱ्हा बरीच वर्षं चालली. गावात खून झाला, कुणी विहिरीत सापडलं, की हवालदार गावातल्याच फोटोग्राफरला बोलावून नेई. सकाळी मुंजीचे फोटो आणि दुपारी पंचनाम्याचे, असा दिवस मामांच्याही वाट्याला आलेला आहे. पुढे खटला उभा राहिला की निगेटिव्ह घेऊन कोर्टात साक्षीला जायचं आणि वकिलानं विचारलं की शपथेवर सांगायचं, या निगेटिव्हवर मी काहीही हात फिरवलेला नाही. मामा म्हणत, आयुष्यात हे वाक्य मला फक्त कोर्टातच उच्चारता आलं.

आता पुन्हा फेनेओंकडे. त्याच्या छायाचित्राचं वाचन एकट्यानं करता येत नाही, शेजारी दुसरं एक चित्र ठेवावं लागतं. चार वर्षांपूर्वी, १८९० साली, सिन्याकनं त्याचं व्यक्तिचित्र रंगवलं होतं. तेही आज न्यू यॉर्कमध्येच आहे, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. एकाच माणसाची ही दोन रूपं एकाच शहरात, तीसेक रस्त्यांच्या अंतरावर नांदतात. लेकीकडे किंवा मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या मराठी आईवडिलांना म्युझियम दाखवायला नेतात, त्यांनी एकाच दिवशी ही दोन्ही बघावीत असं मी सुचवीन. पायांना जरा त्रास होईल.

सिन्याकच्या चित्रात फेनेओं पिवळसर कोटात उभा आहे, एका हातात उंच हॅट आणि काठी, दुसऱ्या हातात एक नाजूक सायक्लॅमेनचं फूल, पुढे धरलेलं, जणू कुणाला द्यायला निघाला आहे. मागे रंगांचं भलंमोठं चक्र फिरतं: ठिपके, पट्टे, तारे, लाटा, एकात एक शिरलेल्या पाकळ्या. चित्राचं नाव एका दमात म्हणता येणार नाही इतकं लांब आणि त्याच्या आरंभी संगीतरचनेला देतात तसा कृतिक्रमांक, २१७. हा सगळा खेळ दिसायला स्वैर आहे, पण आतून अगदी काटेकोर. शार्ल आंरी नावाच्या शास्त्रज्ञानं कोन, रेषा आणि रंग यांचा मनावर होणारा परिणाम मोजायची खटपट चालवली होती, आणि सिन्याक त्याच्या नादी लागलेला. म्हणजे मापं इथेही आहेतच. चित्रकार कोन मोजतो तो मन उल्हसित व्हावं म्हणून, बेर्तियों कपाळाचा उतार मोजतो तो माणूस निसटू नये म्हणून. पण पट्टी घेऊन दोघेही बसलेत आणि दोघांचीही विज्ञानावर सारखीच भाबडी श्रद्धा आहे. त्या दशकाचा स्वभावच तो.

सिन्याकच्या चित्रातला फेनेओं बाजूनं दिसतो, डावीकडे तोंड करून. नाक, बोकडदाढी आणि फूल यांची एक झकास तिरपी ओळ लागते. पण फेनेओंला ते तसं नको होतं. चित्र ठरलं तेव्हा त्यानं सिन्याकपाशी एकच इच्छा व्यक्त केली होती: अगदी समोरून काढावं. सिन्याकनं ऐकलं नाही. त्याला साचेबंद व्यक्तिचित्र काढायचं नव्हतं. त्याला सजावटीत गुंफलेला, कुठून तरी आत प्रवेश करणारा फेनेओं हवा होता. मित्राची एवढी साधी मागणी मित्रानं बाजूला ठेवली. चार वर्षांनी ती पोलिसांनी पुरी केली. छायाचित्रातला फेनेओं सरळ समोरून आहे, अगदी त्यानं मागितला होता तसा.

हे एकदा कळलं की ते छोटं चित्र पुन्हा पाहावंसं वाटतं. पहिल्यांदा मला त्या नजरेत थकवा दिसला होता. आता वाटतं, हा माणूस बघतोय. आयुष्यभर ज्यानं चित्रांसमोर उभं राहून बघायचं काम केलं, तो आज चित्र होण्याच्या क्षणीही बघणाऱ्याच्या जागेवरून हटलेला नाही. समोर कॅमेरा आहे, कॅमेऱ्यामागे खात्याचा कुणी नोकर, वर छपराच्या काचांतून येणारा सरकारी उजेड. न्यायमंदिराच्या माळ्यावर हे सगळं चाले. फेनेओं या मांडणीचा दोष हेरत असेल का? सपाट उजेडाबद्दल त्याच्या डोक्यात एखादं चार शब्दांचं वाक्य तयार झालं असेल का? त्याची वाक्यं तशीच असत, कापून, घासून, आटवून ठेवलेली. बारा वर्षांनी तो एका वृत्तपत्रात खून, अपघात, आत्महत्यांच्या बातम्या प्रत्येकी तीन ओळींत लिहिणार होता, आणि त्या तीन ओळींतही त्याच पोलिसी कोरडेपणाची एक चव आहे. मला असं म्हणायचा मोह होतो की तो कोरडेपणा त्यानं त्या खुर्चीवर उचलला. पण तो मोह आवरतो. कारण तशी त्याची शैली आधीपासूनच होती.

खटल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट १८९४ मध्ये तीस आरोपींचा तो खटला चालला. मालार्मेसारखा कवी फेनेओंच्या चांगल्या चालचलणुकीची साक्ष द्यायला आला. न्यायाधीशांनी फेनेओंला विचारलं, की तुम्ही अमुक एका अराज्यवाद्याशी दिव्याच्या खांबामागे उभे राहून बोलत होतात ना? फेनेओंनं अदबीनं उलट चौकशी केली, की दिव्याच्या खांबाची मागची बाजू कोणती म्हणतात ते कळेल का? कोर्टात हशा झाला आणि पुढे तो सुटलाही. मला मात्र यात विनोदाच्या जरा पलीकडचं काही ऐकू येतं. खांबाला समोर आणि मागे नसतं. माणसाला ते असतं असं आपण धरून चालतो, आणि बेर्तियोंनं तर माणसाची समोरची बाजू खिळे ठोकून पक्की केली होती. नुकताच त्या खुर्चीवरून उठून आलेला माणूस हा प्रश्न विचारतो आहे.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, त्याच युद्धमंत्रालयातल्या दुसऱ्या प्रकरणात बेर्तियोंला हस्ताक्षर तपासायला बोलावलं. ते प्रकरण हेरगिरीचा खोटा आळ आलेल्या कॅप्टन द्रेफ्यूसचं. अक्षर द्रेफ्यूसचंच आहे, आणि जिथं ते जुळत नाही तिथं त्यानं मुद्दामच स्वतःच्या अक्षराची नक्कल केली आहे, असा काहीतरी अचाट सिद्धान्त बेर्तियोंनं मांडला. मिलिमीटरच्या बाबतीत न चुकणारा माणूस तर्काच्या बाबतीत असा पाण्यात गेला. निरपराध माणूस डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर सडत राहिला.

पण बेर्तियोंच्या त्या खुर्चीवर सगळेच बळजबरीनं बसवले जात नसत. १८९३ साली, फेनेओंच्या आदल्याच वर्षी, इंग्लंडहून एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ आले आणि स्वखुशीनं बसले. डोक्याला टक्कल, गालांवर पांढरे कल्ले. त्यांचंही पत्रक उपलब्ध आहे: बाजूनं एक, समोरून एक, सोबत मापं. हे फ्रान्सिस गॉल्टन. डार्विनचे आतेमामे नात्यातले भाऊ, ‘युजेनिक्स’ हा पुढे जगाला महागात पडलेला शब्द घडवणारे, आणि आदल्याच वर्षी बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहून बसलेले. बेर्तियोंच्या मापपद्धतीत गोम आहे हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. उंच माणसाचा हातही साधारण लांबच असतो, पायही मोठाच; मग ही मापं एकमेकांपासून स्वतंत्र कशी मानायची? या प्रश्नाचा पाठलाग करताना १८८८ साली त्यांनी संख्याशास्त्राला सहसंबंधाची कल्पना दिली. म्हणजे ज्या पत्रकाचा पाया अर्धा पोकळ आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्याच पत्रकावर ते आज्ञाधारकपणे स्वतःचा कान नोंदवून घेत होते. छायाचित्रातल्या त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्याचं सौजन्य आहे. पण ते बाजूला ठेवून ते चित्र पाहा, एका म्हाताऱ्या खिसेकापूचं म्हणून सहज खपेल. बेर्तियोंच्या यंत्राची सगळ्यात मोठी तारीफ, किंवा सगळ्यात मोठी निंदा, मला या चित्रात दिसते. खुर्चीवर कोण बसलं आहे हे त्याला कळत नाही.

गॉल्टननं स्वतःही गुन्हेगारांच्या फोटोंवर काम केलं होतं. १८७७च्या सुमारास तुरुंगखात्यानं त्याला कैद्यांचे फोटो दिले. त्यानं ते एकाच काचेवर एकावर एक असे थोडेथोडे उमटवले. सगळ्या चोरांत जो सामायिक ‘चोर’ आहे तो मधोमध वर येईल अशी अपेक्षा. वर आला तो एक बऱ्यापैकी देखणा, साधा, कुणाच्याही शेजारी राहत असावा असा माणूस. दुष्टपणा सगळा कडांना धूसर होऊन गेला होता. माझ्या मामांनी पेन्सिलीनं जे साधलं, ते गॉल्टननं सांख्यिकीनं साधलं म्हणायचं.

बेर्तियोंची मापं शेवटी हरली ती बोटांच्या ठशांपुढे, आणि ती लढाई पुष्कळशी आपल्या देशात झाली. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल यानं १८५८ साली रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा अख्खा पंजा शाई लावून उमटवून घेतला होता. पुढे बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यानं आधी बेर्तियोंची मापपद्धत वापरून पाहिली, नंतर ठसे लावायची वर्गवारी तयार करवली. त्यामागे डोकं चालवणारी माणसं होती अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस. नाव मात्र हेन्रीचं लागलं. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली. मापं गेली, पण बेर्तियोंची दोन चित्रं राहिली. समोरून आणि बाजूनं. आपल्याकडे १९२० साली कैद्यांच्या ओळखीचा कायदा आला आणि मापं व फोटो घ्यायचा अधिकार त्यात लिहिला गेला. तो १०२ वर्षं चालला, २०२२ साली त्याच्या जागी नवा आला.

या पत्रकांची काळी बाजू चित्रात दिसत नाही, ती खणात असते. १९१२च्या जुलैमध्ये फ्रान्सनं कायदा केला, की भटकं जीवन जगणाऱ्यांनी, म्हणजे मुख्यतः जिप्सींनी, स्वतःची मापं आणि दोन्ही बाजूंचे फोटो असलेली वही कायम जवळ बाळगायची आणि गावोगाव दाखवायची. गुन्हा करायची गरज नाही, फिरतं असणं पुरे. हा कायदा १९६९ पर्यंत चालला. मराठी वाचकाला हे नवं वाटणार नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, पारधी-कैकाड्यांच्या हजेऱ्या, सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा, हे सगळं आपल्या घरचं आहे. तो कायदा १९५२ साली गेला तरी त्याची सावली अजून पुरती गेलेली नाही. फेनेओंचं पत्रक आज संग्रहालयात आहे, कारण तो फेनेओं होता. त्याच खुर्चीवर त्याच उजेडात बसलेल्या बाकीच्यांना मी कुठल्या भिंतीवर शोधू?

ओळख पटवायच्या फोटोंसाठी पोलिसांनी स्वतःची डार्करूम बाळगूनही बेर्तियोंचे नियम धाब्यावर बसवले तर काय होतं, तेही पाहायला मिळतं, ऑस्ट्रेलियात. १९१० ते १९३० या काळात सिडनीच्या पोलीस फोटोग्राफरांनी काढलेली सुमारे अडीच हजार खास छायाचित्रं तिथल्या पोलीस संग्रहालयात आहेत. कोठडीजवळच्या उजेडात, भिंतीशी उभे किंवा खुर्चीवर बसलेले लोक. कुणी हॅट तिरकी ठेवली आहे, कुणी खिशात हात घातले आहेत, एखादी बाई कॅमेऱ्याला खिजवल्यासारखी बघते, दोघंचौघं मित्र एकत्र उभे आहेत जणू सहलीला आलेत. काचेवरच हातानं लिहिलेलं नाव आणि तारीख. त्यांना कुणी पोझ दिलेली नाही, त्यांनी ती आपली आपण घेतली आहे. चित्रं म्हणून ती बेर्तियोंच्या चित्रांहून कितीतरी रसाळ आहेत. ओळख पटवायच्या कामाला ती किती आली असतील याची मला शंकाच आहे. मी खरं सांगतो, मला ती जरा *जास्तच* आवडतात, आणि म्हणून मी त्यांच्यापासून थोडा जपून असतो. बेर्तियोंचा फेनेओं माझ्याकडून काही मागत नाही. सिडनीचे लोक मागतात.

बेर्तियोंच्या एका पत्रकाशी येऊन मी दर वेळी थांबतो. तारीख १७ ऑक्टोबर १८९३, म्हणजे गॉल्टन येऊन गेल्यानंतर काही महिन्यांनी आणि फेनेओंच्या अटकेच्या सहा महिने आधी. आडनाव बेर्तियों, नाव फ्रान्स्वा, वय तेवीस महिने. बेर्तियोंच्याच घरातलं मूल. त्याला त्या माळ्यावर नेलं असणार, खुर्चीवर टेकवलं असणार, आणि तेवीस महिन्यांचं पोर हलू नये म्हणून खात्यातल्या कडक माणसांनी कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून काय काय चाळे केले असतील ते कुणी नोंदवलेलं नाही. पत्रक मात्र रीतसर भरलं आहे. गुन्ह्याच्या जागी लिहिलं आहे: खादाडपणा; टोपलीतलं एकूण एक नासपती कुरतडून ठेवलं.